एकाच वारेवरची दोघं

“मग हितंच काढा की पाणी. पुण्याला कशाला?” मल्लिनाथ म्हणाला.

सोनोग्राफीच्या टेबलावर त्याची बायको भारती कुशीवर पडली होती. पाचवा महिना, पण पोट आठव्याएवढं. दम लागतो म्हणून दोघं वळसंगहून सोलापूरला माझ्या क्लिनिकमध्ये आली होती. पोटात जुळं होतं आणि दोन्ही बाळांना पोसणारी वार एकच.

अशा वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. कधी कधी एकाचं रक्त सतत दुसऱ्याकडे जात राहतं. देणारं सुकतं, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याच्या हृदयावर ताण येतो, त्याचं पाणी वाढत जातं. आम्ही याला टीटीटीएस म्हणतो. भारतीच्या पोटात तेच चाललं होतं.

“पाणी काढलं तर हिला आराम पडेल,” मी म्हणाले. “पण जोड तशीच राहील, पाणी पुन्हा भरेल. पुण्याला दुर्बीण घालून लेसरने ती जोडच बंद करतात. आत्ता तोच उपाय जास्त चांगला.”

“मग दोगं बी वाचतील?”

“वाचू शकतात. एक जाऊ शकतं. दोन्हीही जाऊ शकतात.”

“आन् कायच न्हाय केलं तर?”

“बहुतेक दोन्ही जातील.”

भारतीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मॅडम, बारकं कुटल्या बाजूला हाय?”

मी तिचा हात धरून डाव्या बाजूला ठेवला.

“हिकडं हालचाल लागतच न्हाय. मला वाटायचं, हे शाणं हाय. आईला तरास देत न्हाय.”

पाणी आटल्यामुळे त्याला हलायला जागाच उरली नव्हती. ते मी तिला सांगितलं नाही.

“जाऊ पुण्याला,” तीच म्हणाली.

लेसर नीट झालं. पण दुसऱ्या दिवशी बारक्याचे ठोके थांबलेले दिसले. वारेतला त्याचा वाटा फारच लहान होता. एवढ्याशा वाट्यावर ते तगलं नाही.

गेलेलं बाळ बाळंतपणापर्यंत पोटातच राहतं. पुढच्या सोनोग्राफी माझ्याकडेच झाल्या. दर वेळी भारती विचारायची, “ते हाय न्हवं अजून?”

“आहे.”

आठव्या महिन्यात मुलगी झाली. रडली. तिच्यामागून दुसरी आली, तळहाताएवढी, सुकलेली. नर्सने ती कापडात गुंडाळून मल्लिनाथच्या हातात दिली. तो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

“हिचं बी नाव ठिवलं तर चालंल का?” भारतीने मला विचारलं.

“ठेव.”

एक बाळ हाती लागलं तरी आमच्या हिशेबात लेसर यशस्वी ठरतं. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच आहे. जुळ्यांची वार एकच असेल तर दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करावीच. लवकर कळलं तर हातात पर्याय राहतात. त्यातला एखादा दुःखाशिवायचा असेलच, असं मात्र नाही.