तिसऱ्या तबकडीचा सूर

सत्तरच्या दशकाच्या आरंभी मी संगमनेरच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. मुख्याध्यापिकांना सारी शाळा 'मोठ्या बाई' म्हणे. त्यांचा एक नियम होता. नोकरीत कायम होण्यापूर्वी प्रत्येक नव्या शिक्षिकेने एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, सर्व शिक्षकांपुढे एक पाठ घ्यायचा. विषय मात्र आपल्या नेहमीच्या विषयाबाहेरचा हवा. मोठ्या बाई मागच्या बाकावर बसून शेरा लिहीत. माझ्या आधीच्या शिक्षिकेला तो शेरा लिहिला गेल्यावर जूनमध्ये बोलावणे आले नव्हते.

मी विषय निवडला तो एका अमेरिकन गायिकेच्या गाण्यांच्या नव्या तबकडीचा, म्हणजे रेकॉर्डचा. आमच्याकडे वर्षभर इंग्रजी शिकवून मायदेशी परतलेल्या एका बाईंनी ती मला टपालाने पाठवली होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या दुःखाच्या गाण्यांना ब्लूज म्हणतात; त्यांना विजेच्या गिटारची आणि जोरकस तालाची जोड मिळाली की ब्लूज-रॉक होते. या गायिकेच्या पहिल्या दोन तबकड्या एका वाद्यवृंदाच्या नावावर निघाल्या होत्या. तिसरीवर प्रथमच तिचे स्वतःचे नाव होते.

पहिल्या दोन मी त्या बाईंच्या खोलीत, त्यांच्या बॅटरीवरच्या यंत्रावर ऐकल्या होत्या आणि पेटीवर सूर तपासून वहीत नोंदी केल्या होत्या. तिसरी ऐकली ती शेजारच्या डॉक्टरांकडे, विजेच्या रेकॉर्ड प्लेअरवर, सलग चार संध्याकाळी. पहिल्या तबकडीतले एक गाणे तिने इथे पुन्हा गायले होते. तेव्हा सूर पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा, म्हणजे पांढरी पाच होता; आता एक पट्टी खाली, पांढरी चार. लयही संथ झाली होती. निष्कर्ष मला सरळ दिसला: स्वतंत्र होताच तिने सूर उतरवला आणि आवाजाला वजन आणले. पाठाच्या शनिवारी फळ्यावर मी तेच वाक्य ठळक अक्षरांत लिहिले.

डॉक्टरांकडून तेच यंत्र घेऊन आलेले शिपाईमामा तबकडीच्या वेष्टनावरचे चित्र न्याहाळत म्हणाले, "बाई, ह्यो बुवा हाय का बाई?"

"बाई आहेत, मामा."

"मंग तिकडं त्याल मिळत न्हाई व्हय? क्येस लई पिंजारल्यात."

सगळे हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

सूर दाखवण्यासाठी मीच संगीताच्या बाईंना पेटी घेऊन बसवले होते. सुई टेकली, गाणे सुरू झाले. त्यांनी पांढरी चार दाबली आणि लगेच बोट उचलले. मग पांढरी पाच. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"अहो, हे तर पाचच आहे."

"पुन्हा बघता का?"

"दोनदा बघितलं."

"फळ्यावर चार, पेटीवर पाच," गणिताचे सर म्हणाले. "एक सूर वाटेत सांडला म्हणायचा!" हशा ओसरल्यावर त्यांनीच मला वाट काढून दिली, "यंत्र बिघडलं असेल, बाई. आणताना आदळलं असेल."

तेवढ्यात मला डॉक्टरांच्या खोलीतला दिवा आठवला. संध्याकाळी प्रवरा नदीकाठच्या शेतांतल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की तो विस्तवासारखा लाल होई. विजेचा दाब उतरला की तबकडी सावकाश फिरते, आणि सावकाश फिरली की सूर उतरतो. आत्ता दुपारी मोटारी बंद होत्या, दाब पुरा होता. त्याच वर्षी आठवीच्या मुलींना ध्वनी मीच शिकवला होता. मागच्या बाकावर लेखणी थांबलेली होती. यंत्राला दोष दिला असता तर सगळ्यांनी मान डोलावली असती, आणि मामांना बोलणी बसली असती.

मी फळा पुसला. मग दिव्यापासून सुरापर्यंत सारे कारण क्रमाने सांगितले.

"मग तुमच्या पाठात उरलं काय?" मोठ्या बाईंनी विचारले.

"अजून ठाऊक नाही. पुन्हा ऐकावं लागेल."

सुई पुन्हा टेकवली. एका हातात पहिल्या तबकडीच्या नोंदींची वही धरून मी ओळीमागून ओळ ऐकत गेले. वहीत लिहिले होते: 'प्रत्येक ओळ गिटारच्या मागून, धावत.' इथे ओळ संपली की गायिका थांबत होती. गिटार दोन-तीन स्वर वाजवून रेंगाळे, आणि ती हवे तेव्हा पुढची ओळ घेई.

"सूर तोच आहे," मी म्हणाले. "लयही तीच. पण तिथे ती वाद्यांना गाठत होती. इथे वाद्ये तिच्यासाठी थांबतात."

संगीताच्या बाईंनी मान हलवली. "हे मात्र खरं."

सगळे पांगल्यावर मोठ्या बाईंनी पाठाचे टाचण मागवले आणि लाल शाईची लेखणी माझ्या हाती दिली.

"निष्कर्षाखाली लिहा. चूक कुणी दाखवली?"

"संगीताच्या बाईंनी."

"लिहा. कारण?"

"विजेचा दाब."

"ते तबकडीचं झालं. तुमचं कारण लिहा."

मी पुसलेल्या फळ्याकडे पाहिले. मग लिहिले: 'एकाच यंत्रावर, रोज एकाच वेळी ऐकून निष्कर्ष काढला.'

त्यांनी ते दोनदा वाचले आणि खाली सही केली.

"जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी या. आठवीचं विज्ञान तुमच्याकडेच राहील."