मामांनी विहिरीत उतरवलेले देव

जगातल्या सगळ्या देवांशी ज्याचं उत्तम जमतं आणि त्यांच्या एकाही भक्ताशी ज्याचं पटत नाही, असा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. निपाणीजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात त्यांनी हयातभर चित्रकला शिकवली. म्हणजे मुलांनी आंबे आणि घडे काढले आणि मामांनी ते खोडले. निवृत्त झाल्यावर खोडायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी गावाच्या भिंतींकडे मोर्चा वळवला. रिकामी भिंत दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा माझ्या पांढऱ्याशुभ्र शर्टाकडे ते ज्या नजरेने बघत बसले होते, ती आठवली की आजही मी दोन पावलं मागे सरतो.

भिंतीवर ते चित्र काढत, पण अक्षर एकही लिहीत नसत. त्यामागे अनुभव होता. पूर्वी एकदा त्यांनी शाळेच्या कुंपणावर मराठीत ‘झाडे लावा’ असं लिहिलं आणि खाली एक रोप लावलं. सकाळी त्या अक्षरांवर डांबर. मामांनी शेजारी तेच कानडीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यावर शेण. दोन्ही बाजूंची मंडळी कुंपणापाशी जमली, घोषणा झाल्या, पोलिसांची जीप आली आणि दोन्ही भाषांची अस्मिता सुखरूप बचावली. या गडबडीत रोप तेवढं शेळीने खाल्लं. ‘पावणं,’ मामा मला म्हणाले होते, ‘हितं अक्षर काढलं की मोर्चा निघतोय. चित्राचं तसं न्हाय. चित्र समोरच्याला इचारत न्हाय, तू कुठला म्हणून.’

पुढे थर्माकोलवर त्यांचा राग जडला. गणपतीची आरास असो, मोहरमचा ताबूत असो की मिशनच्या सिस्टरांच्या शाळेतला नाताळचा गोठा, सगळं शेतात मिळणाऱ्या वस्तूंतूनच झालं पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला आणि तिन्हीकडे न बोलावता जाऊन बसले. गणपतीचं मखर त्यांनी तंबाखूच्या काड्यांचं केलं. निपाणीच्या मुलखात दुसरं काय मुबलक असणार? दिसायला ते मखर झकास होतं. पण आरतीला गर्दी झाली, पंखा लागला आणि अख्खं मंडळ शिंकायला लागलं. गुरव तर आरतीचं ताट खाली ठेवून बाहेर पळाला. नाताळात त्यांनी ताज्या कडब्याचा गोठा उभारला, तो आदल्या दिवशी संध्याकाळी एका म्हशीने निम्मा खाल्ला. सिस्टर रडकुंडीला आल्या. मामा मात्र म्हशीकडे कौतुकाने पाहत म्हणाले, ‘सिस्टर, गोठा हुबेहूब जमलाय. ह्याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोण देनार?’

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण विहिरीच्या बाबतीत मामा हसत नव्हते. गावाच्या मधोमध दगडी बांधणीची एक थोरली विहीर आहे. नळ येण्याआधी गावातल्या सगळ्या देवांचं पाणी याच विहिरीचं असे. देवळातला अभिषेक, मशिदीतला नमाजाआधीचा वजू, जैनांच्या देवळातलं, म्हणजे बस्तीतलं, गाळून घेतलेलं पाणी, सिस्टरांच्या बागेतली फुलं, सगळं तिच्यावर. मामा पोहायला शिकले तेही तिथेच, सायकल दुकानवाल्या चाचांच्या पाठीला धरून. नळ आला तसे देवही नळावर गेले आणि विहीर गावाचा उकिरडा झाली. मग पंचायतीच्या अध्यक्षांनी ठरवलं, विहीर बुजवायची आणि वर दुकानगाळे काढायचे. मामा भांडायला गेले, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ‘मास्तर, ती विहीर ऱ्हायलीय व्हय? दिवाळीपत्तूर त्यातलं पानी प्यायजोगं करून दावा, न्हाईतर मी मुरूम टाकनार.’ त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रश उचलला. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून देवांच्या फरश्या बसवतात, त्याच शास्त्राने मामांनी विहिरीच्या कठड्यावर बाहेरून सगळे देव रंगवले. गणपती, चंद्रकोर, तीर्थंकर, क्रूस. लगेच तक्रारी सुरू झाल्या. आमचा मागं का, त्यांचा पुढं का? मामा म्हणाले, ‘विहीर गोल हाय. पैला कोन आन शेवटचा कोन, तुम्हीच हुडकून काढा.’ चारी बाजूंची शिष्टमंडळं दोन दिवस विहिरीला फेऱ्या घालत होती. कचरा मात्र खरंच थांबला. एकाही माणसाची देवासमोर पिशवी टाकायची छाती होईना. मामा मिशीला पीळ देत फिरू लागले. पण आठवडा उलटायच्या आत लोकांच्या मनात आलं की, एवढे देव आहेत त्या अर्थी ही जागा पवित्र असणार. मग घरोघरचं निर्माल्य विहिरीत पडू लागलं. त्यामागून फुटक्या तसबिरी, जुनी कॅलेंडरं, जीर्ण चादरी, विटलेल्या माळा आल्या. पूर्वी विहिरीत नुसता कचरा पडायचा, आता गावाची श्रद्धा पडू लागली आणि ती कचऱ्याच्या दुप्पट निघाली.

अध्यक्षांना आनंद झाला. विहीर आपोआप भरतेय, मुरूम कमी लागेल, असा त्यांचा हिशोब होता. दिवाळीची वाट न पाहता त्यांनी मुरमाचा टिपर बोलावला. मामा टिपरच्या आडवे उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, ‘वता की. पर आदी आत वाकून बघा, कुनाकुनाच्या डोस्क्यावर वतताय ते.’ अध्यक्षांनी वाकून पाहिलं. वर तरंगत होती ती त्यांच्याच घरची लक्ष्मीची तसबीर, त्यांच्या बायकोने कालच सोडलेली. अध्यक्ष घामाघूम झाले. टिपर परत गेला आणि देव बाहेर काढल्याशिवाय मुरूम टाकता येत नाही, असा ठराव झाला. मग भर उन्हाळ्यात गाव विहिरीत उतरलं. ज्याने त्याने आपापले देव तेवढे उचलले, दुसऱ्याच्या देवाला कुणी हात लावेना. प्लास्टिक तेवढं निधर्मी निघालं, ते कुणाचंच नव्हतं. ते मामा आणि चाचांनी मिळून वर काढलं. दोघांचंही वय आता नातवंडांनी हात धरून न्यायचं. तळाशी चांगला झरा होता, तो मोकळा झाला. ते पाणी बघून अध्यक्षांनाही दिवाळीपर्यंतचा आपला शब्द पाळणं भाग पडलं.

आता मामांना नवीन वेड सुचलं. यावेळी चित्रं आतून, पाण्याच्या अगदी वरच्या दगडांवर काढायची. दोराचा पाळणा करून ते आत उतरणार होते. माझी बायको म्हणाली, ‘मामा, तुमच्या गुडघ्यास्नी तरी इचारलंय काय?’ ते ऐकतात कसले! दोर धरायला त्यांनी चार माणसं निवडली, गुरव, चाचा, बस्तीचे तंबाखूवाले आप्पा आणि सिस्टरांच्या शाळेचा बस ड्रायव्हर. मी विचारलं, चार धर्मांचे चार कशाला? मामा पाळण्यात बसता बसता म्हणाले, ‘एकाच जमातीचं चौगं आसलं तर गप्पांत दोर सोडतील, पावणं. ह्यातला एकबी सोडनार न्हाय. बाकीचं तिगं बघाय लागल्यात.’ आणि खरोखर, दोर इतका घट्ट धरलेला मी कधी पाहिला नाही.

चित्रं पाहून मात्र मी थट्टा विसरलो. वरून पाहिलं तर गणपती, वाकून नीट पाहिलं तर पाण्यातून सोंड काढल्यासारखी मान वर केलेलं कासव. चंद्रकोर म्हणावी तर ती अंग वाकवलेली रुपेरी मासोळी होती. क्रूस म्हणजे पंख पसरलेला चतुर. जैनांचा अहिंसेचा हात वडाच्या पानांचा होता. फार सुंदर होती ती चित्रं. मामांना मी तसं म्हणालो, तर ते म्हणाले, ‘देव ह्या कासव-माशांच्याच घरात ऱ्हात्यात. आपुन नुसतं भाडं मागतोय.’

मग खरी गंमत सुरू झाली. रोज सकाळी प्रत्येक पंथाचा एक जण येऊन वाकून बघू लागला, आपल्या देवाखाली घाण नाही ना? दिसली की जाळीने उपसायचा. पण पाण्याला वाटण्या कुठल्या ठाऊक? वारा सुटला की गुरवाने ढकललेली पिशवी आप्पांच्या पानांच्या हाताखाली आणि आप्पांनी सारलेलं फूल चाचांच्या मासोळीपाशी. ‘तुमची घान आमच्याकडं का?’ यावरून रोज खडाजंगी. शेवटी भांडून भांडून थकल्यावर प्रत्येक जण आख्खी विहीर उपसू लागला, दुसऱ्याचा भरवसा नाही म्हणून. शेजाऱ्यावरच्या अविश्वासाने एवढं स्वच्छ झालेलं पाणी मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. चिलटं गेली, खंड्या येऊन कठड्यावर बसू लागला.

पावसाळ्यात मामांचे डोळे बिघडले. काचबिंदू होता, अंगावर काढलेला. आम्ही त्यांना बेळगावला, खासबागेतल्या आमच्या घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, उरलंय तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. मामा दिवसभर खिडकीशी बसत आणि एकच विचारत, दिवाळी किती लांब आहे?

दिवाळीच्या तोंडावर मीच गावी गेलो. विहीर काठोकाठ भरली होती. चाचा, आप्पा, सगळे जमले होते. अध्यक्षांनी स्वतः घागर सोडली, ओंजळीने पाणी प्यायले आणि घागर उचलून घरी घेऊन गेले. विहीर वाचली होती. मी मामांना फोन लावला.

‘मासा दिसतोय काय, पावणं?’

‘न्हाई मामा. पानी लई वर आलंय.’

‘कासव? चतुर?’

‘काहीच दिसत न्हाई. सगळं खोल गेलं.’

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ती चित्रं पुन्हा वर येतील, रंग टिकला तर गाव ती बघेल. मामांना दिसणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मग मामाच म्हणाले, ‘येताना तांब्याभर पानी आना. डोळ्यास्नी न्हाय तर न्हाय, जिभंला तरी कळंल.’