जयनगरच्या ट्रेमधली पुतळी

बेंगळूरच्या नाणी जमवणाऱ्या मंडळानं दोन वर्षं ग्रुपवर "या एकदा बेंगळूरला, या एकदा बेंगळूरला" म्हणून माझं डोकं खाल्लं, आणि मी तिकीट काढल्यावर चिटणीस काय कळवतात, तर माझं नाव पाहुण्यांच्या यादीत घातलंय. मीटिंगला पाहुण्यांनी भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसायचं, टाळ्या वाजवायच्या, जेवायचं. टेबलावर नाणं ठेवायचं ते फक्त सभासदांनी. आणि मी सभासद का नाही? कारण माझा फॉर्म मार्चपासून त्यांच्याकडे पडलाय. शिक्षणाच्या रकान्यात मी "चौथी" लिहिलं तेव्हापासून कमिटी तो बघतेय. फोन केला तर म्हणतात, "मालनताई, इथे सगळे रिटायर्ड इंजिनियर, संशोधक आहेत. जरा वेळ लागतो." मी म्हटलं, माझं नाणं काय त्यांच्याकडे नोकरी मागायला येतंय का?

तरी गेले. टेबलावर माझं नाणं ठेवायचंच म्हणून गेले.

मी मिरजेची. तीस वर्षं दागिने गाठवते, म्हणजे सोनारानं केलेले मणी, पुतळ्या रेशमात ओवायच्या, गोंडा बांधायचा, माळ करून द्यायची. त्यातनं मागं टाकून दर दिवाळीला चांदीचं एक जुनं नाणं घेते. असं एकोणीस वर्षं चाललंय. यंदा पहिल्यांदा सोनं घेतलं. पणम म्हणतात त्याला, दक्षिणेतलं जुनं नाणं, हरभऱ्याच्या डाळीएवढं आणि तिच्याहून पातळ. साडेसहा हजाराला पडलं. शिंक आली तर तोंड फिरवून शिंकावं लागतं.

नाणी घेऊन जाणाऱ्यांसाठी सांगते. पिशवीत ठेवू नका, अंगावर ठेवा. मी परकराला आतून खिसा शिवला. सोबत बिल ठेवा, कुणी विचारलं तर तोंड वाजवावं लागत नाही. आणि निघायच्या आधी चांदीचं नाणं चिंचेनं, रांगोळीनं घासू नका. बायका हे करतात. जुनेपणाचा काळपट रंग निघून गेला की नाण्याची निम्मी किंमत गेली, आणि तो रंग परत कुणाच्या बापाला आणता येत नाही.

मिरजेहून संध्याकाळची गाडी धरली. स्लीपरला पाचशेच्या आत होतं. समोरचे गृहस्थ हुबळीपर्यंत विचारत होते, "एकट्याच? लग्नाला का?" मी म्हटलं, नाणी दाखवायला. ते पांघरूण ओढून झोपले. सकाळी अरसीकेरेला जाग आली ती इडली-वडेवाल्याच्या आवाजानं. वडा गरम होता, चटणी पाणीदार. घ्या, पण चटणी वेगळी मागा.

बेंगळूर स्टेशनवरून चामराजपेट जवळ आहे. रिक्षावाल्यानं अडीचशे सांगितले. मी म्हटलं, "मीटर हाकी, अण्णा." तो म्हणाला, "मीटर नको अक्का, दोनशे द्या." दीडशेत बसले. हवा मात्र बघण्यासारखी. मे महिन्यात सकाळी अंगावर पदर घ्यावासा वाटला.

चामराजपेटला माझी मावसबहीण सुमनअक्का राहते. तिच्या सासरचे लोक कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडं गेले ते तिकडचेच झाले. मराठी बोलतात, पण मधे मधे कन्नड खडे लागतात. अंघोळ करून मी लगेच निघायला लागले तर म्हणाली, "स्वल्प थांब की गं. मीटिंग उद्या आहे. आज कुठं जातीस?"

"हॉल बघून येते."

"हॉल काय पळून जातोय? सरी, काफी तरी पी."

तिच्या हातची कॉफी पिऊन मी थांबले. मग पणम तिच्या तळहातावर ठेवलं. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्याशासाठी एवढ्या लांब आलीस?"

"सोनं तेवढंच आहे. वय बघ त्याचं."

"वय माझंपण आहे. मला कोण टेबलावर ठेवतंय?"

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही दोघी मार्केटच्या स्टेशनवरून मेट्रोनं जयनगरला गेलो. चार स्टेशनं, वीस-पंचवीस रुपये, बसायला जागा. हॉलच्या अलीकडच्या गल्लीत चाळीस रुपयांत ताटाएवढी एक इडली मिळते. दोघींत एक पुरली, कॉफीसकट ऐंशीत काम झालं. खरेदी करायची असेल तर जयनगरला दुपारनंतर जा, सकाळी दुकानं आळसात असतात.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं. मधे लांब टेबल, त्यावर हिरवं मखमली कापड. इथली रीत अशी, की ज्यानं तीन महिन्यांत नवीन काही घेतलं त्यानं ते ट्रेमध्ये ठेवायचं, दोन शब्द सांगायचे, मग ट्रे टेबलाभोवती फिरतो. प्रत्येकानं पांढरे हातमोजे घालूनच उचलायचं. मोजे विसरलेल्या माणसाला ट्रे वगळून पुढं जातो, मग तो कितीही मोठा साहेब असो. मला ही रीत आवडली. पण आम्ही भिंतीकडं. सुमनअक्का कानात म्हणाली, "इथं पंखा तरी आहे."

चांदीचे रुपये फिरले, कुणी सोन्याची मोहर आणली होती, कुणी म्हैसूरकडचं चांदीचं नाणं. ज्यानं त्यानं आपलं नाणं असं सांगितलं जसं मुलीचं लग्न ठरलंय. मग देशपांडे साहेब उठले. सरकारी कारखान्यातनं मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, ग्रुपमधले सगळ्यांत जाणते. त्यांनी पुतळी आणली होती. पुतळी म्हणजे परदेशातनं व्यापाराबरोबर आलेलं सोन्याचं नाणं, त्यावर उभी माणसं कोरलेली, म्हणून आपल्या बायकांनी तिला पुतळी नाव दिलं आणि माळा केल्या. साहेब म्हणाले, "आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक पुतळ्या दागिन्यातून काढलेल्या असतात. ही नाही. हिला माळेत ओवायची कडी कधीही लागलेली नाही. वजन केलंय, अक्षरं वाचलीत, भिंगाखाली दोन्ही बाजू तपासल्यात." टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या.

ट्रे फिरत फिरत भिंतीच्या बाजूनं आला. मी उठून वाकून तिची कड बघितली, आणि मला राहवेना.

"साहेब, हिला कडी होती."

चिटणीस माझ्याकडे आले. "ताई, प्रश्न शेवटी घ्यायचेत."

"मी प्रश्न विचारत नाहीये."

देशपांडे साहेब हसले. "कशावरून म्हणता? अक्षरं वाचलीत का?"

"इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. कडेला हात लावू द्या."

"मोजे घालून."

"मोज्यात नख चालत नाही."

इथं जरा गडबड झाली. नियम म्हणजे नियम, असं दोघं-तिघं म्हणाले. तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेले एक म्हातारे अण्णा, सुमनअक्काच्या सासरसारख्याच जुन्या घराण्यातले, म्हणाले, "अहो, नाण्याच्या तोंडाला हात लावणार नाही ती, कडेला लावणार. नाणं साहेबांचं आहे, साहेबांनी सांगावं." साहेबांनी मान हलवली. रागानं हलवली, पण हलवली.

मी दोन बोटांत कडेनं धरली आणि नख फिरवलं. जुन्या पुतळीची कड बारीक खरखरीत लागते. कोरलेल्या माणसांच्या डोक्याच्या बरोबर वर नख सटकन घसरलं. तिथं कडी डाकानं, म्हणजे झाळून, जोडलेली असते, माणूस सरळ उभा लटकावा म्हणून. ती काढून जागा कानशीनं घासली की खरखर जाते. आणि दुसरं म्हणजे ही डाव्या-उजव्या अंगाला झिजलेली, वरखाली नाही. माळेत शेजारच्या पुतळ्यांशी घासून झिजली होती. खिशात राहिलेलं नाणं असं दोन बाजूंनी झिजत नाही. हे सगळं मी तिथं सांगितलं. अशा किती माळा ओवल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

अण्णांनी भिंग लावून कड बघितली. मग म्हणाले, "देशपांडे, सगळीकडे भिंग लावलंत, कडेला लावलं नाहीत."

साहेबांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "साहेब, सोनं खरंच आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं गळ्यात घातलंय, एवढंच. मला तर अशीच आवडेल."

"तुम्हाला आवडेल हो," ते म्हणाले, "पण मी विनाकडीची म्हणून घेतली." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमचं काय आणलंय?"

मी आतल्या खिशातनं डबी काढायला वळले तर सुमनअक्का आडोसा धरून उभी राहिली आणि सगळ्यांना म्हणाली, "स्वल्प तिकडं बघा." सगळे हसले. माझं पणम हिरव्या मखमलीवर गेलं. देशपांडे साहेबांनी स्वतः ट्रे धरला. एवढंसं सोनं, पण चाळीस माणसं मान वाकवून बघत होती आणि मी दोन शब्दांच्या जागी दहा मिनिटं बोलले. कुणी थांबवलं नाही. जेवायला बिसीबेळे भात होता, मला त्याची चवसुद्धा आठवत नाही.

परतीची गाडी त्याच संध्याकाळची. एकूण खर्च अडीच हजाराच्या आत, राहणं बहिणीकडं असल्यामुळे. जाणार असाल तर एक दिवस जास्त धरा, मी धरला नाही.

घरी येऊन आठ दिवस झाले. राहिलं काय म्हणाल तर माझ्या बोटांना इतकं कळतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्याला काम समजत होते. आता कामाला बसले की माळ जरा सावकाश ओवते.

आणि दुसरं. या आठ दिवसांत ग्रुपमधल्या पाच जणांनी पुतळ्यांचे फोटो पाठवले. "अक्का, हिला कडी होती का?" "मालनताई, घेऊ का?" देशपांडे साहेब तर पुढच्या वेळी विकणाऱ्याकडे सोबत चला म्हणतात. चिटणिसांनीही एक फोटो पाठवलाय, कडेचा, चांगला जवळून काढलेला. फॉर्मबद्दल मात्र कुणी अक्षर काढत नाही.

चिटणीस, तुम्ही हे वाचता, मला माहीत आहे. तुमच्या फोटोचं उत्तर माझ्याजवळ तयार आहे. माझ्या फॉर्मचं तुमच्याजवळ असेल तर येत्या गुरुवारपर्यंत कळवा. हो किंवा नाही, एका शब्दात. "कमिटी बघतेय" हे उत्तर मी धरणार नाही.