सासूबाईंची मर्जी

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बुरशीचं टेबल ती सांभाळते, म्हणून तिला सगळे बुरशीमावशी म्हणतात. मी वयाने मोठी, तरी मावशीच म्हणते. माझं टेबल जिवाणूंचं. ते बिचारे रातोरात काय ते सांगून मोकळे होतात. तिच्या बुरश्या मात्र दोन-दोन दिवस ढिम्म. पेशंटच्या अंगातली बुरशी ती प्लेटमधल्या बारीक खळग्यांत पेरते. प्रत्येक खळग्यात औषध आधीच्यापेक्षा जास्त. बुरशी कुठल्या खळग्यात वाढायची थांबते, ते बघायचं; लवकर थांबली, तर औषध लागू.

शेजारी आणखी एक प्लेट लावावीच लागते. तिच्यात ओळखीची बुरशी असते, जिचं उत्तर आधीच ठाऊक असतं. ते ठरलेल्या मर्यादेत आलं तर पेशंटचे निकाल खरे धरायचे, नाहीतर सगळे केरात. या ओळखीच्या बुरशीला मावशी ‘सासूबाई’ म्हणते. आधी त्यांची मर्जी, मग बाकीच्यांनी तोंड उघडायचं. ‘सासूबाई रुसल्या’ म्हणजे आज रिपोर्ट नाहीत. तिची खरी सासू अगदी गरीब गाय, त्यामुळे आम्हाला जास्तच हसू यायचं.

मग तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा नमुना तिच्याच टेबलावर आला. ते काम दुसऱ्या कुणाला येत नाही. भाऊजींच्या फुप्फुसात बुरशी, त्यात मूत्रपिंडं आधीच नाजूक. सोसेल असं एकच औषध होतं आणि ते सुरू केलेलं होतं. ते लागू पडणार की नाही, एवढंच मावशीने सांगायचं होतं.

पहिल्या प्लेटवर भाऊजींच्या बुरशीने सुरुवातीच्या खळग्यांतच मान टाकलेली बघून मी टाळीच वाजवली. मावशीने शेजारची प्लेट उचलली आणि तिचं तोंड उतरलं. सासूबाईंनीही नको तितक्या लवकर मान टाकली होती. म्हणजे औषध जास्त पडलं होतं किंवा पेरणी विरळ झाली होती. चूक आमची, औषधाचा पराक्रम नव्हे. हे सगळं मला कळत होतं, तरी मी तिच्यावर चिडले. घरचं माणूस आहे, बहिणीला धीर येईल असं काहीतरी बोल, म्हटलं.

“जे मलाच माहीत नाही, ते तिला कसं सांगू?” ती म्हणाली.

ताईला तिने सवयीने एवढंच सांगितलं, की सासूबाई रुसल्यात, परत करावं लागेल. ताई घरी हा शब्द कितीदा ऐकून हसली असेल. त्या दिवशी म्हणाली, त्यांची समजूत काढ गं.

मावशीने औषध नव्याने तयार केलं, सूक्ष्मदर्शकाखाली पेरणी पुन्हा पुन्हा मोजली. वर वॉर्डात भाऊजींची धाप वाढत होती आणि खाली आम्ही बुरशी वाढवणाऱ्या इन्क्युबेटरच्या बंद दाराकडे बघत होतो. बुरशीला घाई करता येत नाही. माझा नुसता संताप व्हायचा, आणि काढायचा कुणावर, तर त्या दारावर.

दुसऱ्या वेळी सासूबाईंचं उत्तर अगदी चोख आलं. मावशीने भाऊजींची प्लेट उजेडात धरली. पहिल्यापासून शेवटच्या खळग्यापर्यंत पांढरी लव. ती तशीच बघत राहिली. ताई दारात कधी आली ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

“सासूबाई?” तिने विचारलं.

“खूश आहेत,” मावशी म्हणाली, प्लेटवरची नजर न काढता.

ताईने दोन्ही हात तोंडावर धरले आणि ती धावत सुटली. मावशीने हाक मारली. पण जिवंत बुरशीची प्लेट हातात घेऊन बाहेर धावता येत नाही. ती कपाटात ठेवून, हातमोजे उतरवून आम्ही वर पोचलो, तेव्हा भाऊजी मास्कमधून हसत होते. मावशीने ताईला बाहेर बोलावलं. औषध लागू पडत नाही, हे तिने भिंतीकडे बघत सांगितलं.

“अगं, तूच म्हणालीस ना, खूश आहेत?”

“त्या खूश आहेत म्हणजे हे खरं आहे, ताई.”

आतून भाऊजी ताईला हाक मारत होते. मग तिने मावशीचा हात घट्ट धरला आणि लहानपणी काहीतरी लपवायला सांगावं तशा आवाजात म्हणाली, “त्यांना परत रुसायला लाव ना गं.”