तीन काचा आणि सोनामावशींचं ताट

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचं परळीतलं घर अगदी रुळाला लागून. कोळशाची मालगाडी गेली की आमच्या कारभारीणबाई दचकून उठतात. डॉक्टर म्हणतात, झोप झाल्याशिवाय हिचं बीपी उतरायचं नाही. म्हणून आज खिडक्या बदलायला दुकानात गेलतो.

दुकानदारानं वाजणारा मोबाईल आधी एकामागं एक दोन काचा बसवलेल्या नमुन्याच्या पेटीत ठेवला, मग तीन काचांच्या. दोनमधून बारीक आवाज आला, तीनमधून काहीच नाही. लई खूश होऊन तीन काचा सांगून आलो.

घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, मग सोनामावशीचं ताट कसं ऐकू यायचं?"

सोनामावशी शेजारी एकट्याच राहतात. पडल्या-झडल्या की ताट वाजवतात, आणि आम्ही धावतो.

मावशींना विचारलं तर हसल्या. "लाव बाबा तीन. तिला झोपू दे. मी जोरात वाजवीन की!"

ऐंशीच्या हातात जोर तो कितीसा?

त्यांनी वाजवलेलं ताट मोबाईलात भरून घेतलंय. उद्या दुकानात त्या तीन काचांच्या पेटीत ठेवून बघतो.

आवाज बाहेर आलाच नाही, तर दोघींपैकी कुणाचं ऐकू, सांगा बरं?