रुमालाखाली धरलेली बोटं

शेवटच्या वरातीत तुम्ही नाचलात, तेव्हा नवरदेव ज्या घोडीवर बसला होता तिच्या डोळ्यांकडे पाहिलं होतं का? मी कधी पाहिलं नव्हतं. आणि एक घोडी तर निम्मी माझी होती.

आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील कापसाच्या भावासाठी होणाऱ्या सभांची पत्रकं लिहायचे, छापून आणायचे. उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही भावंडं जेवायचो. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, छापील बाजू आपोआप पाठ झाली. कॉलेजात गेल्यावर मीही पत्रकं लिहू लागलो. त्यातलं एक धरणगाव तालुक्यात बरंच फिरलं. व्यापारी गाडीतल्या कापसात हात घालतो, ओल आहे म्हणतो, कवडी, म्हणजे किडका कापूस, आहे म्हणतो आणि भाव खाली आणतो, त्याबद्दल होतं. मथळा मोठ्या अक्षरांत: ‘जो खोट काढतो, तो भाव पाडतो.’ गावोगावच्या भिंतींवर ते पत्रक चिकटवलं माझ्या मित्राने. मी त्याच्या मोटरसायकलवर मागे खळीची बादली धरून बसायचो.

हा मित्र शाळेपासूनचा. त्याचे आजोबा टांगा हाकायचे, त्यामुळे घोड्याचं वेड त्याच्या घरातच होतं. सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही दोघांनी मिळून ती घोडी घेतली. तांबूस रंग, कपाळावर चांदणी, मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा, डाव्या कानाचं टोक जरासं फाटलेलं. पैसे निम्मे निम्मे. लग्नसराईत वरातीला द्यायची, एरवी त्याच्या गोठ्यात. चारा, खरारा, नाल, आजारपण सगळं तो बघायचा. मी जळगावला राहून लिहायचो आणि सुट्टीत येऊन घोडीच्या मानेवर हात ठेवून फोटो काढायचो.

एका उन्हाळ्यात त्याचा फोन आला. नशिराबादच्या वरातीत फटाका घोडीच्या तोंडाजवळ फुटला होता, डोळ्यातून पाणी येत होतं. मी म्हणालो, डॉक्टरला दाखव. माझ्यासमोर तेव्हा छपाईला जायचं पत्रक होतं. पुढे मी विचारलं नाही, तोही बोलला नाही. त्यानंतर तो घोडीच्या उजव्या अंगाने चालायला लागला. घोडा धरणारा माणूस डाव्या बाजूने चालतो. मी ते पाहिलं, आणि म्हटलं, असेल सवय.

मग मी लग्नातल्या उधळपट्टीविरुद्ध पत्रक काढलं. चांगलं होतं ते, आजही त्यातला शब्द बदलणार नाही. पण गावात ते वाचलं गेलं पानटपरीवर.

“काय नेता, घोडीनं तोंड तुनं का शेपूट?” एकाने विचारलं.

“तोंड यानंच व्हई,” दुसरा म्हणाला. “खरारा ते दुसराच करस.”

सगळे हसले. मीही हसलो आणि त्या संध्याकाळी मित्राला सांगितलं की मला या भागीदारीतून बाहेर पडायचंय. जे लिहितो त्याच्या उलट कमाई खाणार नाही.

तो घोडीच्या खुरातली माती काढत होता. वर न बघता म्हणाला, “तू नुसता बाजूले व्हय. नाव काढी ले. हिस्सा मी धीरे धीरे देसू.”

मी नाही म्हणालो. अशानं मैत्री नासते, योग्य किंमत ठरू दे, ती चार लोकांसमोर ठरू दे, असं मी म्हणालो. योग्य हा शब्द मी त्या दिवशी बऱ्याच वेळा वापरला.

जनावराची भागीदारी मोडायची तर आमच्याकडे एक जुनी रीत आहे. जनावरांच्या सौद्यात मुरलेला एक म्हातारा मध्ये बसतो. आमच्या गावात ते आबा होते. त्यांच्या हातावर रुमाल टाकतात. दोन्ही भागीदार एकेक करून रुमालाखाली हात घालतात आणि आबांची बोटं धरून आपला भाव सांगतात; एक बोट म्हणजे दहा हजार. ज्याचा भाव वर, घोडी त्याची; त्याने त्या भावाचा निम्मा दुसऱ्याला द्यायचा. खालचा भाव आबा कुणालाच सांगत नाहीत. हरलेल्याची लाज राहावी म्हणून.

मी तयारीने गेलो होतो. शिंदखेड्याच्या एका व्यापाऱ्याला घोडीचा व्हिडिओ पाठवून बाजारभाव विचारून ठेवला होता. घोडी मला नको होती, पण चुकीचा भाव सांगायचाच कशाला? मी आबांचा अख्खा पंजा धरला आणि वर दोन बोटं. रुमालाखालून हात काढताना मला स्वतःचा अभिमान वाटला, हे इथे लिहून ठेवतो.

मित्राचा हात बराच वेळ आत होता. बाहेर काढल्यावर त्याने तो पँटीला पुसला.

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, “घोडी तुनी.”

त्याची आई, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, चहा घेऊन आली होती. ती मुलाकडे बघत उभी राहिली. मग ट्रे माझ्यासमोर ठेवत म्हणाली, “बठ्ठं नियमथीन व्हयनं ना? मंग च्या पी ल्या.” आणि गोठ्याकडे निघून गेली. चहा कुणी घेतला नाही.

घोडी मी शिंदखेड्याच्या त्याच व्यापाऱ्याला विकायचं ठरवलं आणि तिसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. त्याने दात पाहिले, खूर उचलून पाहिले, घोडीला चालवून पाहिलं. सगळ्यात जास्त वेळ त्याने केसांच्या भोवऱ्यांवर घालवला. कपाळावरचा भोवरा, गळ्यावरचा, छातीवरचा. कुठला मालकाला लाभतो, कुठला घर बुडवतो. जमलेले लोकही वाकून भोवरेच बघत होते. मित्र आपल्या नेहमीच्या जागी, घोडीच्या उजव्या अंगाला उभा होता.

व्यापारी टेम्पोची फळी लावायला गेला तेव्हा मित्र माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “तेस्ले सांगी दे. तिले उजवा डोयाथी दखास नही.”

मला आधी कळलंच नाही. मग नशिराबादचा तो फोन आठवला, डोळ्यातून येणारं ते पाणी आठवलं.

“आणि हे तू आता सांगतोस? परवा आबांसमोर का नाही बोललास? भाव निम्म्यावर आला असता. घोडी तुला मिळाली असती.”

“तुनाच कागदवर लिखेल शे ना भो,” तो म्हणाला. “जो खोट काढस, तो भाव पाडस.”

टोमणा मारल्यासारखं तो बोलला नाही. पाठ केलेलं उत्तर द्यावं तसं बोलला. त्याने ते पत्रक शंभर भिंतींवर चिकटवलं होतं, मी ते फक्त लिहिलं होतं. घोडी स्वस्तात मिळावी म्हणून खोट काढतो असं मी समजेन, कदाचित तसं लिहीनही, ही त्याला भीती होती. ती भीती खोटी होती असं मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

त्या क्षणीही वेळ गेलेली नव्हती. व्यापारी दहा पावलांवर होता. मी ओरडून सांगितलं असतं तर सौदा मोडला असता, घोडी गोठ्यात परत गेली असती. पण मग भरल्या गावात मला म्हणावं लागलं असतं की माझा भाव चुकीचा होता, माझीच घोडी मला माहीत नव्हती. कापसाची गाडी अडवणाऱ्या व्यापाऱ्यांसमोर उभा राहिलेला मी, तिथे गप्प बसलो. मित्राने थोडी वाट पाहिली. मग घोडीच्या उजव्या बाजूला जाऊन, तिच्या मानेवर हात ठेवून, तिला फळीवरून वर चढवलं. फळी बंद झाली.

निम्मी रक्कम मी त्याला चार लोकांसमोर दिली. त्याने ती न मोजता अक्काकडे दिली.

काही महिन्यांनी मी आबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. खालचा भाव ते सांगत नाहीत. त्यांनी माझा हात ओढला आणि रुमाल न टाकता, उघड्यावर, माझी तीन बोटं धरली.

“आंधया डोयानी घोडीना हाऊ भाव शे,” ते म्हणाले. “आख्खा गावमा त्यालेच खरा भाव माहीत व्हता.”

दुसऱ्या दिवशी मी शिंदखेड्याला गेलो. व्यापारी सरळ माणूस होता, त्याने काही लपवलं नाही. एका वरातीत ढोलवाला उजवीकडून जवळ आला आणि घोडी उसळली. ढोलवाल्याचं मनगट मोडलं. घोडीला तिथेच, रस्त्यावर, बेदम मारलं. मग माथेफिरू घोडी म्हणून ती पडेल भावात कुणाला तरी गेली. धुळ्याकडे असेल, नाहीतर त्याच्याही पुढे. नंबर त्याच्याकडे नव्हता. मी त्याला डोळ्याचं सांगितलं. तो म्हणाला, “हे एक वाक्य तेव्हा सांगायचं होतं दादा.”

मित्र आता केळीच्या गाड्या भरायला जातो. भेटला तर बोलतो. मोटरसायकलवर बस असं म्हणत नाही. गोठा रिकामा आहे. खरारा अजून खुंटीला आहे, अक्का तो काढू देत नाही.

हेही पत्रकच समजा. येत्या लग्नसराईत तुमच्या गल्लीत वरात येईल. घोडी तांबूस असेल, कपाळावर चांदणी, मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा, डाव्या कानाचं टोक फाटलेलं असेल, तर दोन मिनिटं नाचणं थांबवा. फटाके बंद करायला लावा. डावीकडून जवळ जा, ती तुम्हाला बघेल अशा बेताने, आणि मानेवर हात ठेवा. मग तिच्या मालकाला चार लोकांत, मोठ्याने सांगा, की तिला उजव्या डोळ्याने दिसत नाही. तिचा भाव पडला तर पडू द्या.