वूफर जोडले तो रविवार

उद्यमनगरातल्या माझ्या गाड्यांच्या स्पीकरच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आवाज दणक्यात पाहिजे. मी म्हणते, आधी गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर दाखवा. वूफरच्या, म्हणजे धडधड काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, खोक्यावर हजारात वॅट छापलेले असतात, ते वाचून भलेभले भुलतात. त्या आकड्यावर जाऊ नये. बघायचं ते एवढंच, की वूफर सतत किती ताकद सोसतो आणि अ‍ॅम्प्लिफायरला कमीत कमी किती ओहम चालतात. ओहम म्हणजे अडवणूक. अडवणूक कमी झाली की करंट जास्त ओढला जातो, आवाज फुगतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तापतो. फारच तापला की तो लाल दिवा लावून स्वतःहून बंद पडतो. हे सगळं मी वडिलांच्या हाताखाली शिकले, दुकानही त्यांचंच. आजवर मी एकदाच चुकीची जोडणी केली, आणि ती ठरवून केली.

लग्न होऊन मी फुलेवाडीत गेले होते. नवरा प्लॉटची दलाली करायचा. बाहेर गोड बोलणारा, चारचाकीवर जीव टाकणारा, आणि घरात मारणारा. आधी हातानं मारायचा, मग पट्ट्यानं. एकदा केस धरून त्यानं माझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. शेजारच्या काकूंनी कपाळाचं विचारलं तेव्हा मी बाथरूममध्ये घसरले म्हणाले. काकूंनी हळद आणून दिली आणि फरशी घासून घ्यायला सांगितली.

मारायची त्याची एक पद्धत होती. रविवारी गाडी अंगणात घ्यायची, मागचं दार वर करायचं, बादली, पाइप, फडकी सगळं मांडायचं आणि गाणं सोडायचं. गल्लीला वाटावं, गडी गाडी धुतोय. मग फडकं न्यायच्या निमित्तानं तो आत यायचा आणि दार लावून घ्यायचा. बाहेर धडधड चाललेली असायची, खिडकीच्या काचा थरथरायच्या. एकदा त्यानं माझा अंगठा ड्रॉवरच्या फटीत धरला आणि ड्रॉवर गुडघ्यानं ढकलला. मी केवढ्यानं ओरडले असेन, पण माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून एकच भीती बसली. असाच एखाद्या रविवारी मी मरेन, बाहेर गाणं चालू असेल, आणि गल्ली जेवण करून आडवी झालेली असेल.

त्या रविवारी सकाळी त्यानं दोन नवे बारा इंची वूफर आणले. अ‍ॅम्प्लिफायर जुनाच ठेवायचा होता. बायकोला हे काम येतं याचा त्याला फायदाच, फुकटात काम. मला म्हणाला, जोड. मी डिकीत बसून जोडले, आणि नीट जोडले. प्रत्येक वूफरला दोन कॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या, होत्या, चार-चार ओहमच्या. एका वूफरच्या दोन कॉइल एकापुढं एक, मग दोन्ही वूफर शेजारी शेजारी. एकापुढं एक जोडलं की ओहम वाढतात, शेजारी शेजारी जोडलं की घटतात; असे सगळे मिळून चार ओहम. अ‍ॅम्प्लिफायरला ते आरामात झेपत होतं.

त्यानं गाणं लावलं, ऐकलं, आणि हातात होती ती वायर माझ्या मानेवर ओढली. "ह्ये काय मांजर गुरगुरल्यागत? तुझ्या बापानं ह्येच शिकवलं व्हय?"

मान पेटली होती. वडील जाऊन वर्ष व्हायचं होतं. मला भयंकर संताप आला, आणि त्याच वेळी डोक्यात आलं की याला आवाज हवाय ना, देऊया. मी सगळ्या वायरी सोडल्या आणि चारही कॉइल शेजारी शेजारी जोडल्या. आता सगळे मिळून एकच ओहम. अ‍ॅम्प्लिफायरच्या बुडाला दोन ओहमच्या खाली जाऊ नका असं छापलेलं होतं. त्याला वाचता येत होतं, पण तो खोक्यावरचे वॅटच वाचत बसला. थोडा वेळ हे धडाक्यात वाजणार, जोरात ठेवलं की तापणार आणि मधेच गप होणार, हे मला पक्कं माहीत होतं. आमच्या दुकानात असली रडगाणी घेऊन रोज कोणी ना कोणी यायचं.

त्यानं जरा वेळ लावून बघितलं. फडताळातली ताटं वाजायला लागली. तो खूश होऊन हसला आणि वायर ओढली होती त्याच मानेवर थोपटत म्हणाला, हाय की डोस्कं.

संध्याकाळी चारच्या सुमाराला बादली बाहेर गेली. भांडण कशावरून निघालं ते मला आठवत नाही, त्यालाही आठवत नसेल. गाणं पूर्ण मोठं करून तो आत आला, दार लावलं आणि पट्टा काढला. पहिला फटका पाठीवर, दुसरा कानावर. मी खाली पडले तशी त्यानं लाथ घातली, बरगडीत काहीतरी मोडल्याचं मला आतून कळलं. मी पोटाशी पाय घेऊन त्या अ‍ॅम्प्लिफायरचा विचार करत होते. ताप, ताप, मेल्या. एकदा वाटलं, त्याच्या आधी मीच बंद पडणार. पट्ट्याचं बक्कल भुवईवर लागलं आणि डोळ्यात रक्त उतरलं. तो वाकून माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडत होता, कारण गाण्यापुढं त्याचंही त्याला ऐकू जात नसणार.

"वरड. वरड की. कोण ऐकतंय बघू."

यातलं शेवटचं वाक्य गल्लीनं ऐकलं. गाणं मधेच तुटलं होतं. पट्टा खाली येत होता तो आला, आणि त्या शांततेत त्याचा आवाज फटाका फुटल्यासारखा झाला. मग मी ओरडले. इतक्या महिन्यांचं सगळं ओरडले, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

आणि तो काय करायला धावला? गाणं लावायला. दार उघडून तसाच गाडीकडं पळाला, किल्ली फिरवली, गाणं क्षणभर लागलं आणि पुन्हा गप झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मी उंबऱ्यापर्यंत सरपटत आले. दारादारात माणसं उभी होती आणि हा डिकीसमोर पट्टा हातात घेऊन लाल दिव्याकडं बघत होता.

आधी शेजारचे काका आले, त्यांनी याच्या कानाखाली दिली. मग बाकीचे आले. याला चिखलात पाडून तुडवला, त्याच्याच पट्ट्यानं मारला, बादली डोक्यात घातली. नाक फुटलं, दात पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काकूंनी मला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्याकडं न्यायला सांगितलं. माझ्या भुवईवर त्यांचा टॉवेल, त्यांच्या हातात माझा हात. त्या रडत होत्या. मी सांगितलं, काकू, तुम्हाला ऐकू जावं म्हणून मी आज मुद्दाम चुकीचं जोडलं होतं.

त्यांनी टॉवेल भुवईवर घट्ट दाबला. मग रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "ऐकू येत हुतं, पोरी. पहिल्यापास्नं. त्येचं गाणं लागलं की आम्ही टीव्ही मोठा करत हुतो. आज त्ये बंद पडलं, आन् टीव्ही मोठा करायची लाज वाटली."

त्याच्या पट्ट्यानं लागलं नव्हतं तेवढं मला ते लागलं. गल्लीतले ते शूर गडी, ती हळद, ती फरशी घासायची गोष्ट, सगळ्याचा इतका राग आला की त्या बाईला चालत्या रिक्षातून ढकलून द्यावं वाटलं. पण दवाखाना येईपर्यंत मी तिचा हात घट्ट धरून बसले, कारण धरायला दुसरा कुणाचा हात नव्हता.